सात नंबरचं कार्ड

१

टेलरकाका बाकावर बसले नव्हते, बाकाच्या कडेला नुसते टेकले होते. काकूंना जाऊन जेमतेम एक दिवस झाला होता आणि बुधवारी सकाळी दहा वाजता ते आमच्या स्टुडिओत येऊन फोटो मागत होते.

"घाई नाही," ते म्हणाले आणि पुढच्याच श्वासात, "शुक्रवारी संध्याकाळी माणसं भेटायला येणार आहेत. तोवर मोठा करून मिळाला तर बरं. फ्रेम साधीच चालेल."

टेलरकाकूंचा फोटो हा आमच्या गल्लीत थट्टेचा विषय होता. चौतीस वर्षं त्या दुकानात मागच्या स्टुलावर बसून काजं करत आल्या, पण कॅमेरा दिसला की हात चेहऱ्यापुढे. घरच्यांच्या मोबाइलमध्ये त्या एक तर पाठमोऱ्या, नाहीतर तळहाताच्या आड. आजार वाढला तेव्हा मात्र त्यांनी स्वतःच सांगितलं, "मास्तरांना बोलवा. एक नीट काढून घेऊ." मास्तर म्हणजे माझे बाबा. रविवारी बाबा त्यांच्या घरी जाऊन फोटो काढून आले. मी तेव्हा बाहेरगावी एका शाळेच्या वर्गांचे फोटो काढत होते. मंगळवारी रात्री परतले, तोवर काकू पहाटेच गेलेल्या.

मी ड्रॉवर उघडला. प्रत्येक कामाचं मेमरी कार्ड आम्ही वेगळ्या पिवळ्या पाकिटात ठेवतो. 'टेलरकाकू' असं बाबांच्या अक्षरात लिहिलेलं पाकीट जागेवर होतं. आत सात नंबरचं कार्ड होतं. ते संगणकाला लावलं. कार्ड कोरं होतं.

काढून फडक्याने पुसलं, पुन्हा लावलं. दुसऱ्या मशीनला लावून पाहिलं. मग पुसलेले फोटो परत मिळवायचा प्रोग्राम चालवला. तीन-तीन महिन्यांपूर्वी पुसलेले फोटो त्याने मला काढून दिले आहेत. पंधरा मिनिटं पट्टी सरकत राहिली आणि शेवटी आलं शून्य. एक जुना फोटो, एखादा अर्धा तुकडा, काहीच नाही.

टेलरकाका पलीकडे भिंतीवरचे फोटो बघत उभे होते.

"कार्ड बिघडलं असेल," मागून बाबा म्हणाले. फार पटकन म्हणाले. "मशीनचं काही सांगता येत नाही. तसं सांगून टाकू त्यांना."

"आत्ता नको," मी कुजबुजले. बाहेर जाऊन काकांना म्हटलं, "थोडं काम बाकी आहे. उद्या कळवते." त्यांनी मान हलवली आणि गेले. जाताना त्यांनी आमच्या बाकाची सरकलेली गादीही नीट केली.

आत येऊन पाहते तर आत्याने कार्ड खिडकीशी नेलं होतं आणि डोळ्याला भिंग लावलं होतं.

"हा सात," ती म्हणाली, "मी काढलेला नाही."

२

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. फिल्मच्या काळात अख्ख्या गल्लीतल्या निगेटिव्ह तिच्या टेबलावरून जायच्या. कुणाची पुटकुळी, कुणाच्या डोळ्याखालचं काळं, ती बारीक ब्रशने घालवायची. गावात कुणाच्या चेहऱ्यावर कुठे काय आहे, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. आता निगेटिव्ह राहिल्या नाहीत, पण भिंग अजून तिच्या गळ्यात दोरीला असतं. हाताला सवय राहावी म्हणून आमच्या कार्डांवर, बॅटऱ्यांवर पांढऱ्या रंगाने आकडे तीच काढते.

"मी डावरी," तिने मला भिंगातून दाखवलं. "माझा सात शेपटीकडून सुरू होतो. इथे ब्रश उलट्या बाजूने आलाय. बघ, रंग कुठे जाड आहे ते. शिवाय कार्ड नवं कोरं आहे. याच्या पितळी पट्ट्यांवर एक चरा नाही. आपलं सात नंबर चार वर्षं वापरातलं."

तरीच प्रोग्रामला एकही जुना फोटो सापडला नव्हता. त्या कार्डावर कधी फोटो काढलेच नव्हते.

"म्हणजे चोरी," मी म्हटलं.

"चोर काय करतो? उचलतो आणि चालता होतो. इथे कुणीतरी नवं कार्ड आणलंय, माझ्यासारखा आकडा गिरवलाय आणि पाकिटात ठेवून गेलाय. एवढा उपद्व्याप कशासाठी?"

"कार्ड आपोआप कोरं झालं असं वाटावं म्हणून."

"हं. आणि त्याने कुणावर ठपका येतो?"

"कुणावरच नाही. मशीनवर."

आत्याने भिंग सोडलं. "मग विचार कर."

माझा विचार भलतीकडेच धावत होता. आमच्या गल्लीत तीन स्टुडिओ आणि टोकाला एका वर्तमानपत्राचं ऑफिस. बाबांनी घालून दिलेले काही नियम सगळे पाळतात. गिऱ्हाइकासमोर दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवायची नाहीत. दुसऱ्याचा कॅमेरा अडला तर आपला द्यायचा. दुसऱ्याचं गिऱ्हाईक आपल्या दारात आलं तर आधी त्याला फोन करायचा. दरवर्षीच्या प्रदर्शनात मात्र सगळे एकमेकांशी दात-ओठ खाऊन लढतात. निकालाच्या दिवशी एकमेकांच्या फोटोंसमोर उभे राहून तासन् तास वाद घालतात, मग एकत्र चहा पितात. बाबा सोळा वेळा जिंकले. गेली दोन वर्षं त्यांनी फोटोच दिले नव्हते. नव्या लोकांना संधी, असं म्हणायचे.

"बाबा, सोमवार-मंगळवारी इथे कोण कोण आलं होतं?"

बाबा एका दिव्याची वायर गुंडाळत होते, ती सोडून पुन्हा गुंडाळू लागले. "सोमवारी बातमीवाली आली होती, प्रिंट काढायला. फटाफट मंगळवारी स्टँड परत देऊन गेला. आणि समोरचा लंबू काय, रोजच येतो." जरा थांबून ते म्हणाले, "कार्ड मी कुणालाही दाखवलं नाही."

दाखवलं का, असं कुणी विचारलंच नव्हतं. आत्याने माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली.

मी चप्पल घातली. फटाफट हा कोपऱ्यावरचा, सगळ्यांत नवा. त्याच्या पाटीवर 'फटाफट फोटो' लिहिलंय म्हणून हे नाव. महिन्याभरापूर्वी पासपोर्ट फोटोंवरून त्याची आणि बाबांची चांगलीच वाजली होती. तो कॅमेऱ्याचं किरकोळ सामानही विकतो.

मी बनावट कार्ड त्याच्या काउंटरवर ठेवलं. त्याने उलटसुलट करून पाहिलं.

"हे माझ्याकडचं. मंगळवारी दुपारी विकलं. हे जुनं मॉडेल आता कुणी घेत नाही, पण त्याला हेच हवं होतं. नवं दाखवलं तर नको म्हणाला."

"कुणाला विकलं?"

फटाफटने कार्ड माझ्याकडे सरकवलं. "ते नाही सांगणार. एका फोटोग्राफरची गोष्ट दुसऱ्याला सांगायची नाही. तुझ्याच बाबांनी इथे उभं राहून मला सुनावलं होतं."

म्हणजे घेणारा फोटोग्राफर होता. आपण किती बोलून गेलो, ते त्याच्याही उशिरा लक्षात आलं.

३

बातमीवाली ताई ऑफिसच्या जिन्यातच भेटली. खांद्यावर दोन कॅमेरे, एका हातात हेल्मेट, फोन सतत वाजतोय. तिला कुठेतरी मोर्च्याला जायचं होतं. मी तिच्याबरोबर पायऱ्या उतरत विचारत गेले.

"सोमवारी? चारच्या सुमारास होते मी तुमच्याकडे. आमचा प्रिंटर बंद होता. मास्तरांनी नेहमीसारखं टोमणा मारून वापरू दिला."

टोमणा म्हणजे गेल्या महिन्यातल्या एका उद्घाटनाचा. ताई बाबांच्या पुढे येऊन उभी राहिली आणि बाबांना फोटोच मिळाला नाही. बाबा चारचौघांत तिला बोलले होते.

"राग आहे अजून?" मी विचारलं.

"माझा? नाही गं. चूक माझीच म्हणून ऐकून घेतलं. पण एक सांगू? मी त्यांच्या पुढे नव्हते, बाजूला होते. त्यांना वाटलं मी पुढे आहे." ती गाडीपाशी थांबली. "ते असू दे. तुला कार्डाचं विचारायचंय ना? सोमवारी आतल्या खोलीत मास्तर कुणाशी तरी बोलत होते. 'नीट बघ आणि मग सांग' असं दोनदा म्हणाले. समोरचा म्हणाला, 'मस्त आलेत, मास्तर.' प्रिंटरची खडखड चालू होती, आवाज ओळखू आला नाही."

बाबा खोटं बोलले होते. त्यांनी फोटो कुणाला तरी दाखवले होते.

ताईने हेल्मेट घातलं, पुन्हा काच वर केली. "मंगळवारी लंबूला बरं पाठवलंत तुम्ही. मास्तरांची तब्येत बरी नव्हती का?"

"कुठे पाठवलं?"

"टेलरकाकांकडे. सकाळी सातला मी तिथून जात होते. हा त्यांच्या जिन्यात, कॅमेऱ्याची बॅग घेऊन. वरून रडण्याचा आवाज येत होता. तो अर्ध्या जिन्यातून मागे फिरला."

तिची गाडी निघून गेली. रस्त्यावर धूळ उडत होती आणि मी तिथेच उभी होते. आम्ही कुणीच लंबूला पाठवलं नव्हतं. आधी फोन करायचा, हा नियम त्याने मोडला होता. मला आता सगळं स्वच्छ दिसत होतं. बाबांचे फोटो गायब करायचे, मग कॅमेरा घेऊन आपण जायचं आणि काम आपल्या नावावर करायचं. गल्लीतल्या सर्वांत जुन्या स्टुडिओचं नाक कापायला याहून सोपी वाट नव्हती.

फोनवर आत्याला ताईचं सगळं बोलणं सांगितलं आणि मी जवळजवळ पळतच त्याच्या स्टुडिओकडे निघाले.

४

लंबूचा स्टुडिओ आमच्या बरोबर समोर. तो बाबांच्या हाताखाली अकरा वर्षं होता. मी शाळेतून यायचे तेव्हा तो आत्याच्या टेबलाशेजारी बसून निगेटिव्हवर ब्रश चालवायला शिकत असायचा. आत्याने आयुष्यात दोनच जणांना ते शिकवलं. त्याला, आणि पुढे मला. दोघांच्याही बोटांवर तिने पट्टी मारलेली आहे. रेघ संपता संपता ब्रश उचलायचा, टोक केसासारखं विरलं पाहिजे, नाहीतर पट्टी. वेगळा स्टुडिओ काढला तेव्हा बाबांनीच त्याला पहिला दिवा दिला आणि त्याच वर्षी प्रदर्शनात त्याला हरवलं.

आत गेले तेव्हा प्रदर्शनासाठी तयार केलेले त्याचे मोठे फोटो भिंतीकडे तोंड करून उभे केलेले होते.

"हे काय?"

"ह्या वर्षी देत नाहीये," तो म्हणाला. त्याने दाढी केलेली नव्हती. समोरचा चहा तसाच होता, वर साय धरलेली.

"मंगळवारी सकाळी सातला टेलरकाकांच्या जिन्यात काय करत होतास, लंबूदादा?"

त्याने गार चहाचा कप बाजूला सरकवला.

"कॅमेरा घेऊन गेला होतास. आम्हाला फोन केला नाहीस. फटाफटकडून कार्ड तूच घेतलंस ना? आमचं कार्ड कुठाय?"

"मी चोरलं," लंबू म्हणाला. "झालं? तसंच सांग सगळ्यांना. लंबूने चोरलं, मास्तरांचं काम त्याला बघवलं नाही. टेलरकाकांनाही मीच सांगतो हवं तर."

मला वाटलं होतं तो नाकारेल, चिडेल. मी भांडायच्या तयारीने आले होते आणि समोर भांडणच नव्हतं. हात कुठे ठेवावे कळेना. मी उगाचच टेबलावरचे प्रिंट सरळ करू लागले.

"एवढ्या लगबगीने कबुली देणारा चोर मी पाहिला नाही," दारातून आत्या म्हणाली. गल्ली ओलांडून आल्याने तिला धाप लागली होती. "पाणी दे आधी. आणि पोरी, तू जा आणि तुझ्या बाबांना घेऊन ये. काम आहे म्हण. कशासाठी ते सांगू नको."

लंबू ताडकन उठला. "आत्या, मास्तरांना नको. मी कबूल केलंय ना? मग त्यांना कशाला?"

त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच भीती दिसली.

५

बाबा आले. आमची गल्ली ओलांडताना ते माझा दंड धरतात, हे मला त्या दिवशी जाणवलं. किती दिवसांपासून धरत होते कोण जाणे. मला ते लाडाचं वाटत होतं.

आत्याने लंबूच्या टेबलावरचे दोन प्रिंट उचलले. एकाच बाईचे, एकाच बैठकीतले. एकात पापणीचा केस न् केस मोजता येत होता. दुसऱ्यात फोकस चुकला होता, चेहरा धुकट.

"यातला गिऱ्हाइकाला कुठला द्यायचा, तू सांग," ती बाबांना म्हणाली.

बाबांनी प्रिंट जवळ धरले, मग लांब धरले. खिडकीकडे वळले. लंबू खाली बघत होता.

"दोन्ही चांगले आहेत," बाबा म्हणाले.

बाहेर कुणाचं तरी शटर वाऱ्याने खडखडत होतं. बाबांना कळलं. त्यांनी प्रिंट हळूच टेबलावर ठेवले आणि शेजारची खुर्ची हाताने चाचपून तिच्यावर बसले.

"कुणी केलं ते मला सकाळीच कळलं होतं," आत्या म्हणाली. "सात काढणारा उजव्या हाताचा होता, पण रेघ संपताना त्याने ब्रश उचलला होता. टोक केसासारखं विरलेलं. ते मी दोघांनाच शिकवलंय. पोर बाहेरगावी होती. राहिला हा. कळत नव्हतं ते एवढंच, की का."

"मत्सर असता," ती पुढे म्हणाली, "तर कार्ड नाहीसं करून हा मोकळा झाला असता. मास्तरांनी कार्ड हरवलं अशी बोंब झाली असती, आणि याला तेच हवं असतं. पण याने असं केलं की कुणाचंच नाव येऊ नये. म्हणजे याला कुणाला तरी वाचवायचं होतं. कार्डावर चांगले फोटो असते तर वाचवायचं काय होतं? म्हणजे ते चांगले नव्हते."

ती बाबांकडे वळली. "तू कधी कुणाला आपले फोटो दाखवून कसे आलेत विचारलं नाहीस. सोमवारी विचारलंस. दोन वर्षं प्रदर्शनात फोटो देत नाहीस. बातमीवाली बाजूला उभी असते आणि तुला पुढे दिसते. जुन्या लेन्सवर हाताने फोकस करायचा हट्ट सोडत नाहीस. मी रोज तुझ्या समोर बसून जेवते, आणि मला आज कळतंय. मी कसली डोळे उघडे ठेवून बसणारी."

"मोतीबिंदू आहे," बाबा म्हणाले. "दोन्ही डोळ्यांत. डॉक्टरने सांगितलं, काढून टाका. म्हटलं, हात लावायला गेला आणि आहे तेही गेलं तर?"

लंबूने खिशातून पाकीट काढलं, त्यातून कार्ड काढलं. आत्याचा सात त्याच्यावर होता, अर्धा झिजलेला.

"मास्तर माझ्याकडे बघत होते," तो म्हणाला. "'नीट बघ आणि मग सांग' म्हणाले. त्रेचाळीस फोटो. एकातही चेहरा नीट नव्हता. त्यांना काय सांगणार? मी म्हटलं, मस्त आलेत. मग पाकिटात ठेवायला कार्ड त्यांनी माझ्याच हातात दिलं. मी रिकामं पाकीट ड्रॉवरमध्ये टाकलं आणि कार्ड घेऊन आलो. वाटलं, संगणकावर काहीतरी करता येईल. संध्याकाळभर बसलो. चेहरा धारदार होत होता, पण तो काकूंचा राहत नव्हता. कुणीतरी दुसरीच बाई माझ्याकडे बघायला लागली. ती सगळी दुरुस्ती पुसून टाकली. मग ठरवलं, सकाळी जाऊन पुन्हा काढतो आणि गुपचूप मास्तरांच्या पाकिटात ठेवतो. गेलो. उशीर झाला होता, म्हणून दुपारी नवं कार्ड घेऊन आकडा काढला आणि पाकिटात ठेवून दिलं."

"आज कार्ड कोरं निघालं तेव्हाच मी समजलो," बाबा म्हणाले. "याचंच काम. आणि याने हे केलं म्हणजे फोटो कसे आले असतील, तेही समजलो. म्हटलं, तो मला झाकतोय, मी त्याला झाकतो."

त्या दोघांचं प्रेम मला दिसत होतं. माझा राग ओसरायला लागला होता. आत्याचा ओसरला नव्हता.

"सोमवारी चार वाजता," ती म्हणाली, "ती बाई जिवंत होती."

लंबूने मान वर केली.

"पोर नव्हती, पण तू होतास. तुझा कॅमेरा होता. घर इथून पाच मिनिटांवर. 'मास्तर, फोटो बिघडलेत', एवढं तू म्हणाला असतास तर साडेचारला तू तिच्या समोर असतास. तू म्हणालास, मस्त आलेत."

लंबू सहा फुटांच्या वर आहे. तो भिंतीला पाठ लावून हळूहळू खाली बसला आणि त्याने दोन्ही हातांत डोकं धरलं.

६

गुरुवारी सकाळी आम्ही टेलरकाकांच्या दुकानात गेलो. त्रेचाळीस प्रिंट बाबांनी स्वतःच्या हातात घेतले होते. आत्याने सांगून पाहिलं होतं, मी बोलते म्हणून. बाबांनी ऐकलं नाही.

"माझी नजर अधू झालीय," ते उभ्याउभ्याच म्हणाले. "मला ठाऊक होतं, तरी कॅमेरा घेऊन आलो. काकूंचा चेहरा एकाही फोटोत नीट नाही."

"आणि ते मला सोमवारीच कळलं होतं," लंबू म्हणाला. "मी बोललो नाही. तेव्हा बोललो असतो तर पुन्हा काढता आला असता."

टेलरकाका गळ्यातली टेप गुंडाळत होते. ती पूर्ण गुंडाळून झाली, मग ते बोलले.

"सोमवारी संध्याकाळी ती उठून बसली होती. जरा पेज घेतली. केस विंचरून दे म्हणाली मला."

मला वाटलं ते ओरडतील. त्यांनी कात्री उचलून खणात ठेवली. "ते इथं ठेवा आणि जा."

दिवसभर स्टुडिओत कुणाचंच कशात लक्ष लागेना. बाबा तीनदा उठून दारापर्यंत गेले. मी एकाच नवऱ्यामुलाच्या फोटोतले केस दोन तास साफ करत बसले. पाचच्या सुमारास फोन वाजला. टेलरकाका होते. "पोरी, तू ये. एकटीच ये."

त्यांनी सगळे फोटो कापड बेतायच्या टेबलावर मांडले होते. बाह्या, कॉलर, पाठ मांडतात तसे, ओळीने. त्यातला एक त्यांनी पुढे ओढला.

बाबांच्या लेन्सने चेहरा सोडून त्याच्या वीतभर पुढची जागा धरली होती. काका-काकू शेजारी बसलेले, दोघांचे चेहरे धुकट. काकूंचे हात मात्र असे उतरले होते की कातडीवरची बारीक जाळी दिसत होती. डाव्या तर्जनीचं टोक सुईने टणक झालेलं. उजव्या हाताच्या चिमटीत काकांच्या बाहीचं बटण.

"ते सैल झालेलं तिला दिसलं," काका म्हणाले. "मास्तर फोटो काढतायत आणि हिचं लक्ष बटणात. मी म्हणत होतो, अगं, समोर बघ." त्यांनी चष्मा काढून पुसला. "हा मोठा कर. चेहरा आहे तसाच राहू दे. त्याला हात लावू नकोस."

"नाही लावत."

"आणि तुझ्या बाबांना सांग..." ते थांबले. "नको. काही सांगू नकोस."

फोटो लंबूच्या मोठ्या प्रिंटरवर काढला. फ्रेम फटाफटने केली, न सांगता. शुक्रवारी संध्याकाळी माणसं आली. फोटो असा कसा, अशी कुजबुज एक-दोघांनी केली. पण ज्यांच्या अंगावर काकूंनी केलेली काजं होती, ते त्या फोटोसमोर जरा जास्त वेळ उभे राहिले.

टेलरकाका त्यानंतर आमच्या स्टुडिओत आले नाहीत. रस्त्यात भेटले की बोलतात, माझी चौकशी करतात. बाबांना नुसती मान हलवतात. बाबा म्हणतात, तेवढंही पुष्कळ आहे.

पुढच्याच महिन्यात बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आधी एकाचं, मग दुसऱ्याचं. दुसरी पट्टी निघाली त्या दिवशी ते घरी न येता थेट लंबूच्या स्टुडिओत गेले. हात मागे बांधून भिंतीवरचा एकेक फोटो बघत फिरले. लंबू त्यांच्या मागे मागे, परीक्षेला बसल्यासारखा.

"हा उतरव," बाबा म्हणाले. "हा पण. आणि खिडकीजवळचा तो."

"मास्तर, त्याला पहिलं बक्षीस मिळालंय. तुम्हीच म्हणाला होतात, झकास आहे."

"तेव्हा मला दिसत नव्हता. बाईच्या नाकाची सावली ओठावर पडलीय. दिवा हातभर वर हवा होता."

लंबू फोटोजवळ गेला. फोटोकडे बघत राहिला. मग त्याचे कान लाल झाले.

"हातभर नाही," तो म्हणाला. "वीतभर."

"हातभर."

मी दारात उभी होते. संध्याकाळ होत आली होती आणि दोघांपैकी कुणीही हटायला तयार नव्हतं. शेवटी लंबूने तणतणत शिडी आणली, फोटो उतरवला, आणि दिवा लावून मला म्हणाला, "बस इथे खुर्चीवर. बघूच."